यादीचा पहिला अर्थ

बापूमामांच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी सापडत नव्हती. माझं लग्न त्या दिवशी मोडता मोडता राहिलं ते एवढ्याच कारणानं.

"चला, उठा सगळी," उंबऱ्याशी उभे राहून ते आपल्या माणसांना सांगत होते. "असल्या घरात सोयरीक न्हाई करायची. माझी दुसरी चप्पल कुठाय?"

"नगा करू!" आमचे नानाकाका बैठकीतून ओरडले. "आमच्या पोरीला स्थळांचा तोटा न्हाई!"

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. हातात चहाचे कप भरलेला ट्रे, आणि बाहेर जावं की नको हे कळत नव्हतं. आई मागून माझ्या पदराला धरून उभी होती, जणू मीच रागावून निघाले आहे. बाहेर बैठकीत माझे वडील, अण्णा, दोन्ही हात जोडून कधी नानाकाकांकडं बघत, कधी बापूमामांकडं. एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभी हयात घालवलेला माणूस, एका शिट्टीवर गाड्या मागं-पुढं करणारा. पण घरात त्यांचा आवाज फुटायचा नाही.

ही गोष्ट वडूजची, चाळीसएक वर्षांपूर्वीची. त्या दिवशी आमच्याकडं यादी होती. आमच्या भागात लग्न ठरलं की दोन्हीकडची जाणती माणसं एका बैठकीला बसतात आणि कुणी काय करायचं ते कागदावर लिहून काढतात. मंडप कुणाचा, जेवण कुणाचं, पोशाख किती, वाजंत्री कुठली. कागदाला हळदकुंकू लावतात, दोन्हीकडचे सह्या करतात, आणि मग लग्न पक्कं. तोवर नाही.

आमची यादी निम्म्यावर अडली होती. हुंड्याचा विषय मुलाकडच्या काटकरांनी काढलाच नव्हता, त्यामुळं सुरुवात गोड झाली. पण बापूमामा म्हणजे नवऱ्या मुलाचे सख्खे मामा, त्यांनी कोल्हापूरचा बँड मागितला आणि भावकीतल्या झाडून सगळ्या पुरुषांना पोशाख.

"पोशाख सगळ्यांना?" नानाकाकांनी विचारलं. "तुमची भावकी हाय का जत्रा?"

झालं. मामा उठले.

आता ज्याच्याशी माझं लग्न व्हायचं होतं त्याच्याबद्दल सांगते. जयवंत काटकर. गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होता, दहिवडीच्या बाजूला. आमच्या त्याआधी दोन भेटी झाल्या होत्या. पहिली घरात, सगळ्यांसमोर, पोहे देताना. दुसरी पुण्यात, आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. मी तेव्हा पुण्यात एका मराठी शब्दकोशाच्या कचेरीत काम करत होते. एके दुपारी हा तिथं येऊन उभा. धुळीनं भरलेले बूट, हातात टोपी. आमच्या देवस्थळीबाई, म्हणजे मुख्य संपादक, त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काय हवंय?"

"मी माणातून आलोय, दहिवडीकडून. लाळ्या-खुरकूत हा शब्द तुमच्या कोशात आहे का, ते बघायचं होतं," तो म्हणाला.

"त्यासाठी माण तालुक्यातून आलात?"

"हो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

शब्द होता, पण अर्थ म्हणून नुसतं 'गुरांचा एक रोग' एवढंच लिहिलं होतं. त्यानं उभ्या उभ्या सांगितलं, खूर कसे सुटतात, लाळ कशी गळते, जनावर कसं एका जागी उभं राहतं. बाईंनी ते मला शब्दाच्या कार्डावर लिहून घ्यायला लावलं. मी लिहिलं. माझं अक्षर त्या कार्डावर इतकं वाकडं आलं होतं की बाईंनी नंतर काही न बोलता ते कार्ड बदललं.

तर तो माणूस त्या दिवशी बैठकीत खाली मान घालून बसला होता, आणि त्याचा मामा चप्पल शोधत होता.

बैठकीत आणखी एक जण होते. जयवंतचे आजोबा, हिंदुराव काटकर. त्यांना सगळे आबा म्हणत. पांढराशुभ्र फेटा, जाड भिंगांचा चष्मा. ते लोखंडी खुर्चीत बसले होते आणि एवढ्या भांडणात एक अक्षर बोलले नव्हते. सकाळी आल्याआल्या मी पाया पडले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "नाव काय पोरी तुझं?" मी म्हटलं, "रत्नप्रभा." पाणी द्यायला गेले तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "नाव काय गं तुझं?" मला वाटलं, कमी ऐकू येत असेल. दुसऱ्या वेळी मी मोठ्यानं सांगितलं. ते दचकले आणि हसले.

"बापू," आबा आता म्हणाले, "खाली बस."

"न्हाई आबा. आता बसायचं न्हाई. चप्पल तेवढी गावू दे."

"ती गावायची न्हाई. तिच्यावर माझा पाय हाय."

आणि त्यांनी धोतर जरासं वर केलं. खरंच, त्यांच्या पायाखाली मामांची चप्पल होती. ती तिथं केव्हा गेली कुणास ठाऊक. आमच्याकडचं कुणीतरी फिसकन हसलं. मामा एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. मग त्यांनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

"आबा, माझ्या भैनीच्या लग्नात साधी पिपाणी वाजली नव्हती," ते म्हणाले. आवाज एकदम वेगळाच झाला होता. "आमची परिस्थिती नव्हती. तिच्या जावांनी ते धा वर्सं ऐकवलं तिला. म्हणून म्हणतो, तिच्या पोराच्या लग्नात सगळं झालं पायजे. यादी म्हंजी यादी. लिवलं ते द्यायचं."

नानाकाका पुन्हा भिंतीला टेकून बसले.

आबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. "पोरी, हिकडं ये. तू शब्दांची नोकरी करतीस म्हणं?"

मी ट्रे घेऊन बाहेर आले. "हो आबा. शब्दकोशात."

"म्हंजी काय करतीस?"

"एकेक शब्द घ्यायचा. त्याचे अर्थ बघायचे, तो कुठून आला ते शोधायचं, आणि कार्डावर लिहायचं. मी आता 'य' वर आहे."

"'य' वर." त्यांनी मान हलवली. "मग ह्यो जो गोंधूळ चाललाय, यादी यादी म्हणून, त्यो शब्द तुझ्याकडंच आला असंल."

"आला. गेल्याच महिन्यात केला."

"मग सांग की. यादी म्हंजी काय?"

बैठकीतल्या इतक्या पुरुषांपुढं आमच्या घरातली मुलगी कधी बोलली नव्हती. मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी डोळ्यांनीच सांगितलं, बोल. गाडी सोडताना ते ड्रायव्हरला करत तशीच ती मानेची लहानशी हालचाल होती.

"आबा, शब्द मूळचा फारसी आहे," मी म्हटलं. "याद. याद म्हणजे आठवण. जुन्या दप्तरात कारभाऱ्यांचे कागद सापडतात, त्यांत कितीतरी कागदांच्या वरच लिहिलेलं असतं, 'याद'. म्हणजे विसरू नये म्हणून टिपून ठेवलेलं. अमक्याला घोडा पाठवायचा, तमक्याला निरोप द्यायचा. मग टिपून ठेवलेल्या कागदालाच याद म्हणायला लागले, आणि त्याचीच यादी झाली."

"म्हंजी देण्याघेण्याशी तिचा संबंध न्हाई?"

"मुळात नाही."

"मुळातलं राहू द्या," बापूमामा म्हणाले. "आता काय अर्थ हाय त्यो सांगा. आता लोक यादी कशाला म्हणत्यात?"

प्रश्न बरोबर होता आणि खोटं उत्तर देणं मला जमलं नसतं. "आता लग्नातल्या मानपानाचा करार असाही अर्थ आहे," मी म्हटलं. "आमच्या कार्डावर दोन्ही अर्थ दिलेत."

"बघा!" मामा म्हणाले.

"त्यातला पयला कंचा दिलाय?" आबांनी विचारलं.

"आठवणीसाठी केलेली नोंद."

"आठवणीसाठी." आबांनी तो शब्द जिभेवर घोळवल्यासारखा म्हटला. आणि ते काठीच्या मुठीकडं बघत राहिले. मला वाटलं, विषय त्यांच्या डोक्यातून निसटला. मग त्यांनी पायाखालची चप्पल काठीनं मामांच्या दिशेला सरकवली. "घाल. जायचं आसंल तर जा. ऱ्हायचं आसंल तर कागद घे आन् मी सांगतो ते लिव."

मामांनी चप्पल बघितली. मग पायातली दुसरीही काढली आणि खाली येऊन बसले.

"मागचं सगळं खोड," आबा म्हणाले. "बँड, पोशाख, समदं. आता लिव. नवऱ्या मुलाचं नाव, जयवंत. नवऱ्या मुलीचं नाव..." ते थांबले. माझ्याकडं बघत राहिले.

"रत्नप्रभा," मी हळूच म्हटलं.

"रत्नप्रभा. लिवलं? आता पोरी, तू सांग. आमी तुझ्या बाबतीत काय ध्येनात ठेवायचं?"

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं स्वप्नातसुद्धा नव्हतं. मनात एकच गोष्ट होती, आणि ती मी आईलाही सांगितली नव्हती. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की लग्न झालं की पुण्याची नोकरी सुटली. मी खोलीचं भाडं त्या महिन्याचं शेवटचं म्हणून दिलंही होतं. ट्रेमधले कप एकमेकांवर वाजायला लागले, तेव्हा जयवंत उठला आणि त्यानं ट्रे माझ्या हातातून घेतला. सगळ्यांसमोर.

"माझं काम," मी म्हटलं. "कोश अजून 'ज्ञ' पर्यंत जायचाय. मला तो पुरा करायचाय."

"लगीन करून पुण्यात ऱ्हाणार? एकटी?" नानाकाकाच ओरडले. आमच्याच बाजूचे, त्यांच्या नव्हे.

"एकटी नाही," जयवंत म्हणाला. ट्रे हातात धरूनच. "मी पुणे जिल्ह्यात बदली मागितलीय. अर्ज करून महिना झाला."

त्याचे वडील त्याच्याकडं बघतच राहिले. "आमाला बोलला न्हाईस?"

"आज बोलणार होतो. मामा उठले मधेच."

आबा हसायला लागले. त्यांचं हसणं पोटातून यायचं, आवाज कमी आणि खांदे जास्त हलायचे. "लिव बापू," ते म्हणाले. "पोरीचा शब्दांचा धंदा पुरा हुईस्तवर कुणी आडवायचं न्हाई. आन् त्याच्याखाली लिव, लगीन आज."

"आज?" हे चौघापाच जणांच्या तोंडून एकदम आलं.

"आज. सांजच्याला. गोरज मुहूर्तावर."

"आबा, काय तरीच काय," जयवंतचे वडील म्हणाले. "लोक यादीच्याच दिवशी लगीन लावत्यात, न्हाई म्हणत न्हाई मी. पण आपण कुणाला सांगितलं न्हाई, पोराची आई हिथं न्हाई..."

"तिला आणा जीप पाठवून. मी उद्याची वाट बघणार न्हाई." बोलता बोलता आबांचा आवाज चढला होता. त्यात राग नव्हता, काहीतरी दुसरंच होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. "पुढच्या सुगीला लावू म्हणताय. पुढच्या सुगीचं कुणी बघितलंय? आज सगळी जमलोय. आज मी हाय."

"आबा, तब्येत बरी नाही का?" अण्णांनी घाबरून विचारलं.

"ठणठणीत हाय मी," आबा म्हणाले. "बोला पाहुणं. तुमची पोरगी, तुमी बोला."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी जयवंतकडं. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. मी मान हलवली.

"सोडा," अण्णा म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण स्टँडवर नाही. "म्हणजे, हो म्हणतो मी."

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं ते मला आजही कुठल्या कार्डावर सापडलेलं नाही. जीप काटकरांच्या गावाकडं सुटली. नानाकाका गुरुजींना बोलवायला सायकलवर गेले आणि त्यांना सायकलच्या मागं बसवूनच घेऊन आले. आईनं डब्यातली हळद वाटीत काढली आणि शेजारच्या बायकांनी ती माझ्या हातापायांना फासली, त्यातली एक म्हणत होती, "अगं, हिच्या हळदीला मी काहीच केलं नाही गं," आणि रडत होती, हसत होती. हलवायाच्या दुकानातली होती नव्हती ती सगळी बुंदी आमच्या घरी आली. अंतरपाटाला अण्णांची शाल काढली, तिच्यातून डांबरगोळ्या खाली सांडल्या.

सगळ्यात जास्त धावपळ कुणी केली असेल तर बापूमामांनी. ते कासाराला घेऊन आले, मुंडावळ्या घेऊन आले, आणि घामानं निथळत पुन्हा बाहेर पडले. मला बांगड्या भरल्या जात होत्या तेव्हा खिडकीतून हलगी ऐकू आली. मामांनी खालच्या आळीतले हलगीवाले गाठले होते आणि स्वतः त्यांच्यापुढं चालत, हात वर करून, नाचत येत होते. चपला पायात होत्या का नव्हत्या हे त्या वेळी कुणी बघितलं नाही.

आणि पाहुणे? पाहुणेच नव्हते. कुणाला निमंत्रण गेलं होतं? अण्णांना याचं फार वाईट वाटत होतं. एकुलती एक मुलगी, आणि मंडप रिकामा. तेव्हा त्यांचे जोडीदार मुलाणीचाचा स्टँडवर ड्यूटीला होते. त्यांना कुणीतरी बातमी दिली. आमचं घर स्टँडच्या मागंच, त्यामुळं स्टँडवरचा कर्णा आम्हाला घरात स्पष्ट ऐकू यायचा. त्या दिवशी मी आरशापुढं बसले होते, आणि तो नेहमीसारखा खरखरला.

"प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. वडूज-दहिवडी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. तसंच आपल्या फडतरेसाहेबांची कन्या रत्नप्रभा हिचं लग्न आज गोरज मुहूर्तावर साहेबांच्या दारात आहे. हीच निमंत्रणपत्रिका समजावी. शेवटच्या गाडीला अजून अवकाश आहे. प्रवाशांनी अक्षता टाकून मगच प्रवासाला निघावं. आहेर आणू नये."

अण्णा माझ्या मागं उभे होते. त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. मी आरशातून बघत होते. खांदे हलत होते आणि ते हसत होते की रडत होते ते मी विचारलं नाही.

माणसं आली. बाजाराच्या पिशव्या घेतलेली, ट्रंका उचललेली, कडेवर झोपलेली पोरं घेतलेली. एक बाई कोंबडी घेऊन आली होती, ती तिनं लग्नभर काखेत धरून ठेवली. कंडक्टर आले, उसाच्या रसाचा गाडा सोडून रसवाला आला. ज्यांना मी कधी बघितलं नव्हतं आणि पुन्हा कधी बघणार नव्हते अशा माणसांनी दार भरलं, रस्ता भरला.

इतक्यात जीप आली. जयवंतची आई उतरली ती थेट कमरेवर हात ठेवून.

"माझ्या पोराचं लगीन," ती म्हणाली, "आन् मला जीपच्या ड्रायव्हरनं सांगायचं? मी चूल तशीच सोडून आलीया!"

सगळे तिच्या रागाची वाट बघत थांबले. तिची नजर फिरत फिरत आबांवर गेली. ते खुर्चीत बसून मजेत हलगीच्या ठेक्यावर काठी आपटत होते. ती त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या फेट्याचा सुटलेला शेव नीट खोचला आणि हळूच काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली. मग ती माझ्याकडं आली आणि बगलेतलं बोचकं सोडलं. आत हिरवं इरकली लुगडं होतं.

"आधीच घेऊन ठेवलं व्हतं," ती म्हणाली. "जयवंतनं तुझं नाव काढलं त्या दिवशीच. नेसवते, उभी ऱ्हा." नेसवताना कानाशी येऊन म्हणाली, "बँड न्हाई वाजला म्हणून वाईट वाटून घिऊ नको."

"मामांची हलगी बघा की आत्या," मी म्हटलं. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

तिनं खिडकीतून भावाकडं बघितलं. भर रस्त्यात नाचणारा तो थोराड माणूस. "येडा हाय," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा निऱ्या घालायला लागली.

गाई परतायच्या वेळेला आमच्यावर अक्षता पडल्या. मंगलाष्टकं गुरुजींनी म्हटली, आणि शेवटचं 'शुभमंगल सावधान' मुलाणीचाचांनी ड्यूटीवरून धावत येऊन सगळ्यांबरोबर म्हटलं.

जेवणाची पंगत बसली तेव्हा मला आणि जयवंतला एका पाटावर शेजारी बसवलं. मघापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्यानं बुंदीचा द्रोण माझ्याकडं सरकवला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक सांगायचं राहिलं."

"आता?"

"आधी सांगायला हवं होतं. आबांनी शपथ घातली होती." तो आबांकडं बघत बोलत होता. "दिवाळीपासून त्यांचं विसरणं सुरू झालंय. आधी वाटायचं वय झालं. मग एकदा शेतातून घरचा रस्ता चुकले. साताऱ्याला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे वाढत जाणार, थांबायचं नाही. शरीर चांगलं राहील, पण आठवण जाईल. हळूहळू सगळ्यांची."

घास माझ्या हातातच राहिला. "म्हणून त्यांनी माझं नाव दोनदा विचारलं."

"तीनदा. जीपमध्येही विचारलं होतं." तो थोडा थांबला. "आम्ही ठरवलं होतं, सुगीनंतर लग्न, सावकाश. सकाळी येताना आबा मला म्हणाले, सुगीपर्यंत मी मंडपात बसीन रं, पण लगीन कुणाचं हे तुला इचारत बसीन. तेव्हा मी म्हटलं, असं काही होणार नाही. पण तू ते यादीचं सांगितलंस, आठवणीचं, आणि मी त्यांच्याकडं बघितलं. मला कळलं आता ते ऐकणार नाहीत." त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. "राग आला?"

"कशाचा?"

"गडबडीचा. असं लग्न झाल्याचा."

मी आजूबाजूला बघितलं. कोंबडी घेतलेली बाई आबांच्या शेजारी जेवायला बसली होती आणि आबा कोंबडीला बुंदी भरवत होते.

"नाही," मी म्हटलं.

पुढं आबा आणखी सहासात वर्षं होते. जयवंतची बदली सासवडला झाली, मी रोज एसटीनं कचेरीत जायचे, आणि त्या कागदावरचं कलम काटकरांनी शेवटपर्यंत पाळलं. बापूमामा तर कुणी मला काही बोललं की भांडायला उठायचे. कोश 'ज्ञ' पर्यंत गेला. शेवटच्या वर्षांत आबा मला कधी आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायचे, कधी मुलीच्या. मी सगळ्या नावांना ओ दिली. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी ते आमच्यातच होते, पुरते.

जेवणं होत आली तशी बायकांनी मला नाव घ्यायला लावलं. मी आयुष्यभर शब्दांत काम करणारी बाई, पण उखाणा म्हणून मला एक धड ओळ सुचेना. कशीबशी यमकं जुळवून जयवंतचं नाव घेतलं, लोक हसले. मग जयवंतनं घेतलं, त्यात गुरांचा दवाखाना आला, लोक आणखी हसले. आणि मग गर्दीतून मुलाणीचाचा म्हणाले, "आबांनी घ्यावं! आबांचं ऐकायचं!"

"मी कधी न्हाई घेतलं," आबा म्हणाले.

"कधीच नाही? लग्नातसुद्धा?"

"लाजायचो. तीबी लाजायची." ते काठीवर भार देऊन उठायला लागले. "पण आज घेतो."

जयवंतनं माझा हात घट्ट धरला. आत्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. जयवंतची आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी तिचा फोटोसुद्धा बघितला नव्हता. आबा उभे राहिले. हलगी थांबली. बाहेर शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला होता, तोही थांबला. आबांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली:

"माणगंगेच्या वाळूमंदी वीतभर झरा,
दुष्काळात टिकला त्योच पान्याचा खरा,
सगळं इसरंन गडी, पर येक ऱ्हाईल ध्यानी..."

आणि ते थांबले.

तोंड उघडंच राहिलं होतं. डोळे आमच्यावरून फिरले, दिव्यावर गेले, पुन्हा आमच्यावर आले. कुणीतरी खोकलं. आत्यांचे ओठ हलायला लागले, त्या नाव सांगणार होत्या, आणि आबांनी काठीचा हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "कुणी सांगू नका."

आम्ही थांबलो. परक्या प्रवाशांना यातलं काही माहीत नव्हतं, पण तेही थांबले. आबांनी डोळे मिटले. कुठंतरी खूप लांब, खोल ओणवं होऊन बघावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं, नाव यायच्या आधीच.

"भागीरथीनं पाजलं मला ओंजळीनं पानी!"

असा कालवा मी पुन्हा कधी ऐकला नाही. मामांनी हलगी हिसकावून घेऊन स्वतःच बडवली. आत्या रडत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. जयवंतनं मला सगळ्यांदेखत कवेत घेतलं आणि त्या काळी, त्या गावात, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. ड्रायव्हर ओरडला, "पुन्हा एकदा, आबा!"

आबांनी पुन्हा घेतला. या वेळी अडखळले नाहीत. खाली बसले, पाणी प्यायले, आजूबाजूला बघून त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. मग ते उठून म्हणाले, "मी कधी न्हाई घेतलं. पण आज घेतो."

आत्यांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही त्यांच्याकडं. मग सगळे गप्प बसून, कान देऊन, ऐकायला लागलो. तो उखाणा आबांनी त्या संध्याकाळी आणखी कितीतरी वेळा घेतला. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच घेतल्यासारखा, आणि प्रत्येक वेळी भागीरथीचं नाव आलं की आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ओरडलो.